साकागाविया वाटाडी होती की दुभाषी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी अमेरिकेत चौथीत शिकते आणि तिला शाळेत साकागावियावर प्रकल्प करायचा आहे. एका पुस्तकात लिहिलंय की या शोशोनी जमातीच्या बाईने लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेला पॅसिफिक महासागरापर्यंत वाट दाखवली. दुसऱ्या पुस्तकाप्रमाणे ती पंचविशीतच वारली, तिसऱ्याप्रमाणे शंभरीच्या घरात जाऊन. मग खरं काय मानायचं?

आधीच सांगते, मी इतिहासकार नाही. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांमध्ये मराठी आणि हिंदीची दुभाषी म्हणून काम करते, त्याला अठरा वर्षं झाली. या मोहिमेच्या रोजनिशा मी प्रथम वाचल्या त्या धंद्यातल्या कुतूहलापोटी. दोनशे वर्षांपूर्वी, शब्दकोश नसताना, पाठीवर तान्हं मूल घेऊन एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी हे काम कसं करत असेल, एवढंच मला बघायचं होतं. नंतर ते वाचनाचं वेडच लागलं. तेव्हा माझं उत्तर थोडं एका बाजूला झुकलेलं असेल, ते गृहीत धरा.

माझं मत असं: तिला वाटाडी म्हणणं पूर्ण खोटं नाही, पण तिचं मुख्य काम ते नव्हतं. लुईस आणि क्लार्क या दोन कॅप्टनांनी तिला बरोबर घेतलं ते तिच्या जिभेसाठी.

पार्श्वभूमी पटकन. १८०३ साली अमेरिकेने फ्रान्सकडून लुईझियानाचा अवाढव्य मुलूख दीड कोटी डॉलरला घेतला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना अर्थातच कोणी विचारलं नव्हतं. मिसूरी नदीच्या उगमाकडून पॅसिफिकला जायची वाट आहे का, हे पाहायला अध्यक्ष जेफर्सनने मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांना पाठवलं. मे १८०४ मध्ये मंडळी निघाली आणि हिवाळा काढायला आजच्या नॉर्थ डकोटात मँडन आणि हिदात्सा लोकांच्या गावांजवळ थांबली. तिथे त्यांना तूसाँ शार्बोनो भेटला. हा फ्रेंच-कॅनेडियन व्यापारी हिदात्सांमध्येच राहायचा. त्याच्या बायका शोशोनी होत्या आणि त्यांतली एक साकागाविया.

ती तिथे कशी आली? तिचा जन्म १७८८ च्या सुमाराचा, आजच्या आयडाहोतल्या लेमहाय नदीच्या खोऱ्यातला. तिच्या लोकांना सॅमन खाणारे शोशोनी म्हणत. साधारण १८०० मध्ये, ती बाराएक वर्षांची असताना, तिचे लोक मिसूरीच्या तीन फाट्यांपाशी उतरले होते. तिथे हिदात्सांनी छापा घातला. चार पुरुष, चार बायका आणि काही मुलगे मारले गेले. बाकीच्या बायकामुली आणि चार मुलगे यांना पकडून शेकडो मैल पूर्वेला नेलं. तिथे ती शार्बोनोच्या हाती लागली. कोणी सांगतं त्याने तिला विकत घेतलं, कोणी सांगतं जुगारात जिंकलं. दोन्हींचा अर्थ तोच.

आता कॅप्टनांची अडचण बघा. मिसूरी जिथे संपते तिथे डोंगर सुरू होतात आणि डोंगर ओलांडायला घोडे लागतात. घोडे कोणाकडे? शोशोनींकडे. म्हणजे सगळी मोहीम एका सौद्यावर येऊन अडकणार आणि सौद्याची भाषा पांढऱ्यांपैकी एकालाही येत नाही. पगारी दुभाष्या म्हणून नाव लागलं शार्बोनोचं, पण त्याला शोशोनी येत नव्हती. ज्या भाषेसाठी नेमणूक झाली ती भाषा त्याच्या बायकोची होती. ‘नवऱ्याला नेमलं, काम बायकोने केलं’ हे आपल्याला फार परकं वाटू नये.

११ फेब्रुवारी १८०५ ला तिला मुलगा झाला, जाँ बाप्टिस्ट. पहिलटकरीण होती, वेणा लांबल्या. तेव्हा तिथल्या दुसऱ्या एका दुभाष्याने उपाय सुचवला: रॅटलस्नेकच्या शेपटीच्या खुळखुळ्याची पूड पाण्यातून द्या. लुईसकडे खुळखुळा होता. त्याने दोन कड्या दिल्या, त्या कुस्करून तिला पाजल्या आणि दहा मिनिटांत बाळ झालं. औषधाचा गुण होता की नाही याबद्दल लुईसने स्वतःच शंका लिहून ठेवली आहे. ७ एप्रिलला मोहीम पुढे निघाली तेव्हा बाळ पंचावन्न दिवसांचं होतं. एकूण तेहतीस माणसं, त्यांत हे एक.

दोनच दिवसांनी, ९ एप्रिलला, तिने काठीने जमीन उकरून उंदरांनी साठवलेले कंद काढले. असे बारीक उल्लेख रोजनिशांत अनेक आहेत. मे महिन्यात शार्बोनो सुकाणूवर असताना वाऱ्याच्या झोताने होडी कलंडली. हा गडी घाबरून देवाचा धावा करत बसला, दुसऱ्या एकाने गोळी घालायची धमकी दिली तेव्हा कुठे त्याने सुकाणू धरलं. त्या गडबडीत वाहून जाणारं हलकं सामान साकागावियाने पाण्यातून गोळा केलं. लुईसने लिहिलंय की होडीतल्या कुणाहीइतकं धैर्य तिच्यात दिसलं. मोहिमेची उपकरणं, पुस्तकं, औषधं त्याच होडीत होती.

जूनमध्ये ग्रेट फॉल्सच्या धबधब्यांजवळ ती इतकी आजारी पडली की जगेल असं वाटेना. क्लार्कने त्या काळच्या रीतीप्रमाणे तिचं रक्त काढलं, लुईसने गंधकाच्या झऱ्याचं पाणी पाजलं. या दिवसांतलं लुईसचं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचते. आशय असा: बिचारीबद्दल काळजी वाटतेच, शिवाय घोड्यांसाठी शोशोनींशी बोलणी करायला आमचा सगळा भरवसा हिच्यावरच आहे. मला यात निर्दयपणा दिसत नाही, प्रामाणिकपणा दिसतो. तिची नेमणूक कशासाठी होती हे यापेक्षा स्वच्छ शब्दांत कुणी लिहिलेलं नाही, आणि त्यात रस्त्याचं नावही नाही.

आता रस्त्याकडे येऊ. जुलैअखेर मंडळी तीन फाट्यांपाशी पोचली. तिला जिथून पकडून नेलं त्याच जागी तळ पडला. त्या रात्री लुईसने लिहिलं की ही घटना आठवताना तिला दुःख झाल्याचं दिसत नाही, की मायदेशी परतल्याचा आनंदही नाही. पोटभर खायला आणि अंगावर घालायला चार मणी मिळाले की ही कुठेही सुखी राहील.

या वाक्यावरून पुढे बऱ्याच जणांनी तिच्या स्वभावाबद्दल निष्कर्ष काढले. माझा आक्षेप धंद्याचा आहे. लुईसला तिच्या भाषेचा एक शब्द येत नव्हता. तिने जे सांगितलं ते त्याच्यापर्यंत नवऱ्याच्या तोंडून, आणखी एक भाषा ओलांडून आलं. चार भिंतींत, दोनच भाषांत बोलणं चाललेलं असतानासुद्धा काय गळतं ते मी रोज बघते. एकदा एका आजींना फक्त अहिराणी यायची. मला अहिराणी निम्मीशिम्मी कळते, म्हणून सूनबाई अहिराणीचं मराठी करायच्या आणि मी मराठीचं इंग्रजी. डॉक्टरांनी विचारलं, कुठे दुखतं? आजी बराच वेळ बोलल्या. त्यात गाव होतं, पडलेली विहीर होती, वारलेली बहीण होती. सूनबाई म्हणाल्या, “काही नाही, दुखत नाही म्हणताहेत.” डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं असतं. मी थांबवलं, कारण ते माझं काम आहे. त्या तीन फाट्यांवर थांबवणारं कोणी नव्हतं.

आणि जेमतेम तीन आठवड्यांत काय झालं ते बघा. ८ ऑगस्टला तिने बीव्हरहेडचा खडक ओळखला आणि आपल्या लोकांचं उन्हाळी ठिकाण आता फार दूर नाही असं सांगितलं. लुईस पुढे गेला, १२ ऑगस्टला लेमहाय खिंड ओलांडली, दुसऱ्या दिवशी त्याला शोशोनी भेटले. ते घाबरलेले होते. हा शत्रूचा सापळा असेल असा संशय त्यांना होता. तो घालवायला लुईसने आपली बंदूक त्यांच्या प्रमुखाच्या, कामेआवेटच्या, हातात दिली. १७ ऑगस्टला क्लार्कबरोबर चालत येणाऱ्या साकागावियाने लांबून घोडेस्वार पाहिले आणि ती नाचायला लागली. बोटं तोंडात घालून चोखून दाखवू लागली. हे माझे लोक, मी यांच्यातच वाढले, असा त्या खुणेचा अर्थ. गर्दीतून एक बाई धावत आली आणि दोघी गळ्यात पडल्या. छाप्याच्या दिवशी तीही पकडली गेली होती, पण निसटून परत आली होती.

मग बैठक बसली आणि साकागावियाला भाषांतरासाठी बोलावलं. ती आत आली, खाली बसली, बोलायला सुरुवात करणार तोच तिने प्रमुखाकडे पाहिलं. कामेआवेट तिचा भाऊ होता. काही अभ्यासक म्हणतात, सख्खा नसून चुलत असावा. आपल्याकडेही भाऊ म्हटलं की दोन्ही आलेच. ती धावली, त्याला मिठी मारली, आपलं पांघरूण त्याच्यावर टाकलं आणि रडली. थोडं बोलणं झाल्यावर परत आपल्या जागेवर जाऊन बसली आणि भाषांतर सुरू केलं. मधे मधे रडू फुटून काम थांबत होतं, तरी बैठक संपेपर्यंत ती बसून राहिली. हा तपशील मोहिमेच्या १८१४ साली छापलेल्या अधिकृत वृत्तांतातला आहे, तोही क्लार्कला विचारून लिहिलेला.

मला प्रशिक्षणात शिकवलं होतं की दुभाष्याने रडायचं नाही. मी एकदा रडले आहे, एका आजोबांना त्यांचा रिपोर्ट सांगताना. दोन मिनिटं बाहेर गेले, पाणी प्यायले, परत आले. साकागावियाला बाहेर जायला जागाच नव्हती. बैठकीनंतर तिला समजलं की घरचे बहुतेक सगळे गेले. दोन भाऊ आणि थोरल्या बहिणीचा एक मुलगा एवढेच उरले. त्या मुलाला तिने तिथल्या तिथे आपला म्हटलं.

त्या बैठकीत शब्द कसा फिरत होता हे तुमच्या लेकीला नीट समजावून सांगा, कारण शाळेच्या पुस्तकांत ते एका ओळीत उरकतात. कॅप्टन इंग्रजीत बोलायचे. लाबीश नावाचा त्यांचा माणूस त्याचं फ्रेंच करायचा. शार्बोनो फ्रेंचचं हिदात्सा करायचा. साकागाविया हिदात्साचं शोशोनी करायची. उत्तर त्याच वाटेने उलटं. पुढच्या वर्षी मे महिन्यात नेझ पर्स लोकांशी बोलताना साखळीला पाचवी कडी लागली, कारण त्यांच्यात शोशोनी येणारा एक मुलगा कैदी म्हणून होता. ती बैठक जवळजवळ अर्धा दिवस चालली आणि भाषांतर कंटाळवाणं झालं अशी लुईसची तक्रार आहे. ही तक्रार डॉक्टर लोक आजही करतात.

या साखळीत एकच माणूस असा होता की त्याच्याऐवजी दुसरा मिळाला नसता. लाबीशऐवजी फ्रेंच येणारा दुसरा सापडला असता. शोशोनी आणि हिदात्सा दोन्ही येणारी ही एकटी. आणि तिला त्या दोन भाषा कशा आल्या हे विसरून चालणार नाही. एक आईकडून आली, दुसरी कैदेत.

२५ ऑगस्टची गोष्ट फारशी सांगितली जात नाही, पण मला ती सगळ्यांत अवघड वाटते. शोशोनी उपाशी होते. रानरेड्यांच्या शिकारीला पूर्वेला जायची वेळ टळत चालली होती. कामेआवेटने आपल्या लोकांना निरोप धाडला की निघा. तसं झालं असतं तर मोहीम सामानासकट डोंगरात अडकली असती. हे साकागावियाला कळलं आणि तिने नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने दुपारी सहज बोलता बोलता लुईसच्या कानावर घातलं, आणि इतका वेळ गप्प बसल्याबद्दल बोलणी खाल्ली. लुईसने प्रमुखाला बोलावून दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली, कामेआवेट थांबला आणि शेवटी तिसाच्या आसपास घोडे मिळाले. म्हणजे तिने आपल्या भुकेल्या भावाचा बेत परक्यांना कळवला. का? नवऱ्यामुळे, बाळामुळे, दिलेल्या शब्दाला जागायचं म्हणून? मी त्या जागी काय केलं असतं, मला सांगता येत नाही. रोजनिशीत तिचं कारण एका ओळीतही नाही.

डोंगर ओलांडताना वाटाड्या होता तो एक म्हातारा शोशोनी. गोऱ्यांनी त्याचं नाव ओल्ड टोबी ठेवलं. बिटररूट डोंगरातली सप्टेंबरातली ती बर्फातली, उपासमारीची वाट त्याने दाखवली, आणि पुढे नदीने उतरताना नेझ पर्सांचे दोन प्रमुख सोबत होते. हा मुलूख साकागावियाने कधी पाहिलाच नव्हता, ती दाखवणार काय! पण ती होती म्हणून वाट सुरक्षित झाली, हे क्लार्कने ऑक्टोबरात स्पष्ट लिहिलंय: पुरुषांच्या टोळीबरोबर बाई असली की लोकांना शांततेची खूण पटते. कोलंबिया नदीकाठी एका गावात लोक भीतीने झोपड्यांत दडून बसले होते. ती दिसली तसे बाहेर आले.

खरी वाट तिने दाखवली ती परतीच्या प्रवासात, जुलै १८०६ मध्ये, जेव्हा क्लार्कची तुकडी वेगळी होऊन यलोस्टोन नदीकडे निघाली. हा तिच्या लहानपणीचा प्रदेश. अमुक खिंडीतून नको, दक्षिणेकडच्या त्या खिंडीतून चला, असं तिने सुचवलं आणि क्लार्कने ऐकलं. आज तिला बोझमन खिंड म्हणतात आणि तिच्यातून महामार्ग जातो. या भागात ती वाटाडी म्हणून फार उपयोगी पडली, असं क्लार्कने १३ जुलैला नोंदवलं आहे. बोट दाखवून वाट सांगणाऱ्या बाईचे जे पुतळे दिसतात त्यांचं मूळ या थोड्या दिवसांत आहे. बाकीचं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भरलं गेलं, जेव्हा मताधिकार मागणाऱ्या अमेरिकन बायकांना एक नायिका हवी होती. १९०५ मध्ये पोर्टलंडच्या प्रदर्शनात तिचा पुतळा उभारला तो त्यांनीच पैसे जमवून. मला त्यांचा राग नाही. निदान तिचं नाव राहिलं.

एक प्रसंग मात्र प्रकल्पात घ्याच. जानेवारी १८०६. मुक्काम समुद्रापासून काही मैलांवर, फोर्ट क्लॅटसॉपला. किनाऱ्यावर देवमासा वाहून आल्याची बातमी आली, क्लार्क चरबी आणायला माणसं घेऊन निघाला आणि साकागावियाने हट्ट धरला. लुईसच्या शब्दांत आशय असा: मोठं पाणी बघायला मी इतक्या लांबून आले, आता हा राक्षसी मासाही आलाय, आणि दोन्हींतलं काहीच मला बघू देत नाही हे फार झालं. तोवर तिला समुद्राकाठी कुणी नेलंच नव्हतं! नेलं. मासा तोपर्यंत लोकांनी साफ केला होता, नुसता सांगाडा उरला होता. क्लार्कने मोजला, एकशेपाच फूट. हजारो पानांच्या त्या रोजनिशांत तिने स्वतःसाठी काही मागितल्याची ही एवढी ठळक नोंद.

आता पैसे. ऑगस्ट १८०६ मध्ये मँडन गावाशी निरोप घेताना शार्बोनोला ५०० डॉलर ३३ सेंट मिळाले, त्यात त्याच्या घोड्याची आणि तंबूची किंमत धरलेली. नंतर ३२० एकर जमीनही मिळाली. तिला काही नाही. तीन दिवसांनी क्लार्कने शार्बोनोला पत्र लिहिलं, त्यात तो कबूल करतो की समुद्रापर्यंतच्या आणि परतीच्या त्या लांब, धोक्याच्या वाटेवर तुझ्या बायकोने जे केलं त्याला आम्ही देऊ शकलो त्यापेक्षा मोठं बक्षीस मिळायला हवं होतं. पत्र नवऱ्याच्या नावे.

मृत्यूचं म्हणाल तर माझ्या मते वाद फारसा उरलेला नाही. २० डिसेंबर १८१२ ला आजच्या साउथ डकोटातल्या फोर्ट मॅन्युअलच्या कारकुनाने नोंद केली की शार्बोनोची शोशोनी बायको तापाने गेली, वय पंचविसाच्या आसपास, गडावरची सगळ्यांत चांगली बाई, मागे लहान मुलगी. पुढच्या वर्षी क्लार्कने तिच्या मुलांचं पालकत्व घेतलं, आणि १८२० च्या दशकातल्या त्याच्या वहीत मोहिमेतल्या माणसांच्या यादीत तिच्या नावापुढे ‘मृत’ असं लिहिलेलं आहे. शार्बोनोच्या बायका एकाहून जास्त होत्या म्हणून शंका काढतात, पण क्लार्क चुकेल असं मला वाटत नाही. दुसरी कथा वायोमिंगच्या विंड रिव्हर भागातली. तिथे १८८४ मध्ये वारलेली वृद्ध पोरिवो हीच ती, असं तिथले अनेक शोशोनी मानतात आणि तिथे समाधीही आहे. लेकीने दोन्ही लिहावं, पण पहिल्याच्या मागे त्याच काळातला कागद आहे, हे सांगावं. मुलगा जाँ बाप्टिस्ट सेंट लुईसमध्ये शिकला, एका जर्मन राजपुत्राबरोबर युरोपात सहा वर्षं राहिला, परत येऊन डोंगरांत वाटाड्या झाला आणि १८६६ मध्ये ओरेगनात वारला. वाटाड्या शोधायचाच असेल तर तो घ्या.

आणि ज्यांनी घोडे दिले त्यांचं काय झालं, हे बहुधा पुस्तकात नसेल. लेमहाय शोशोनींना १९०७ मध्ये त्यांच्या खोऱ्यातून हलवून फोर्ट हॉलच्या राखीव प्रदेशात नेलं. आज खोऱ्यात तिच्या नावाचं केंद्र आहे आणि २००० सालापासून डॉलरच्या नाण्यावर तिचा चेहरा आहे, बाळासकट. तिचं चित्र त्या काळी कुणी काढलं नव्हतं, म्हणून नाण्यासाठी शोशोनी-बॅनक जमातीतल्या एका विद्यार्थिनीचा चेहरा समोर ठेवला.

प्रकल्पात चित्र काढायचं असेल तर डोंगराकडे बोट दाखवणारी बाई नको. गोल बसलेली माणसं काढायला सांगा, कॅप्टन, लाबीश, शार्बोनो, साकागाविया, कामेआवेट, आणि प्रत्येकाच्या मधे भाषेचं नाव. बाईंना ते आवडेल की नाही माहीत नाही, पण ते बरोबर असेल. नावाचा उच्चार विचारला तर ‘गा’च म्हणायला सांगा. हिदात्सात पक्षी आणि बाई असे दोन शब्द जोडून ते नाव झालंय आणि रोजनिशांतही ‘ग’च ऐकू येतो. ‘साकाजाविया’ हा ‘ज’ १८१४ च्या छापील वृत्तांतातून रुळला. मात्र लेमहाय शोशोनींमध्ये अनेक जण ‘ज’नेच म्हणतात आणि नाव आपल्या भाषेतलं मानतात, तेव्हा वर्गात कुणी तसं म्हटलं तर तिने लगेच दुरुस्त करायला जाऊ नये.